डबल बेलची ओळ

मिलिंद,

तू गेलास तेव्हा तुझ्या डोक्यात एक खोटी गोष्ट होती आणि ती मी काढू शकले असते, हे मी दहा दिवस उराशी धरून बसले होते. जेवताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. तुला वाटलं चूक तुझी. चूक माझी होती. एवढं एक वाक्य तुला सांगायचं राहिलं. 'मेल्या, ऐक ना जरा' असं म्हणायची सवय होती मला तुला, दिवसातून दहा वेळा. आता तो शब्द तोंडातून निघत नाही.

उद्या तुझं पुण्यानुमोदन. तुझ्या घरापुढच्या पटांगणात मांडव घातलाय. बुद्धवंदना झाली की दोन-चार जण बोलणार आहेत आणि त्यात माझं नाव आहे. तुझ्या आईंनीच घातलं. "तू चार वर्सं त्याच्यासंगं काम केलंस, तूच बोल," म्हणाल्या. कागद घेऊन बसले तर हात पुढं सरकेना. तू हुशार होतास, कष्टाळू होतास, हे काय मी सांगायला पाहिजे? म्हणून आधी तुझ्याशीच बोलते. उगाच मधे मधे तोंड घालू नकोस.

तो दिवस तुलाही माहीत आहे, पण मला तो पहिल्यापासून मांडायचाय. दहावीचा निकाल. आपल्या क्लासचा तो श्रीगोंद्याच्या पेठेतला एका शटरचा गाळा, आणि बाहेर कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत रांग. नगरच्या ओळखीच्या माणसाकडून तालुक्याच्या निकालाच्या फ्लॉप्या तू आदल्या दिवशी आणल्या होत्यास, पोटाशी धरून, एस.टी.त उभं राहून. "शाळेत निकाल दुपारी लागणार, आपण सकाळी दाखवू. पुन्हा कुनी विचारणार न्हाई, कॉम्प्युटर शिकून काय करायचं म्हणून," म्हणालास. लोक तेव्हा आपल्याला दोनच प्रश्न विचारायचे. दोन हजार सालाला मशीनं बंद पडणार हे खरं का, आणि तुमच्या दोघांचं नेमकं काय आहे. पहिल्याचं उत्तर तू फार मन लावून द्यायचास. दुसऱ्याला दोघंही गप्प. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ काय होता हे तुला कळत होतं का रे? जाऊ दे. ते आज नको.

आपली दोन मशीनं. मागच्या खोलीतलं जुनं, त्यात सगळी माहिती आणि प्रोग्रामही. पुढचं नवं, त्याचा पडदा लोकांकडे. मधून एक काळी वायर, जिच्यावर पाय पडला की तू किंचाळायचास. त्या दोन मशीनांत तू जे बसवलं होतंस ते तालुक्यात कुणी पाहिलं नव्हतं. पान एकच. नंबर टाकला की पान तसंच राहायचं, आणि त्याच्या पोटात लपलेली एक चौकट गुपचूप मागच्या मशीनकडे जाऊन माहिती घेऊन यायची. नाव, शाळा, सहाही विषय, शेरा, सगळं हातात आलं की मगच पडदा बदलायचा. तोवर पडद्यावर एकच शब्द, 'थांबा'.

त्या 'थांबा'वरून आपण किती भांडलो! मी म्हणायचे, माणूस आठ-दहा सेकंद नुसता 'थांबा' बघत बसत नाही, त्याला वाटतं मशीन अडकलं. नाव तर पुढच्या मशीनमध्येच आहे, ते लगेच दाखव, गुण येतील मागाहून. तू मान हलवायचास. "अर्धं दाखवायचं न्हाई, वैशाली. अर्धं दाखवणं म्हंजे फसवणं." मी म्हणायचे, आला मोठा हरिश्चंद्र! मग तू तुझ्या वडिलांना मधे आणायचास. ते कंडक्टर होते. शेवटच्या म्हातारीचं गाठोडं आत आल्याशिवाय त्यांनी कधी डबल बेल दिली नाही, ड्रायव्हर कितीही कावला तरी. म्हणून प्रोग्राममधल्या त्या ओळीलाही तू डबल बेल नाव दिलंस. सगळं आत आलं का ते बघायचं, आलं असेल तरच पान पुढं न्यायचं. सगळ्या प्रोग्राममध्ये तेवढी एक ओळ तू मला कधी हात लावू दिली नाहीस.

आणि मी तीच काढली.

दहा वाजले होते. ऊन तापलेलं. रांगेतली माणसं ओरडायला लागली होती. एक गृहस्थ म्हणाले, ह्यापेक्षा शाळेत जाऊन लवकर कळेल. तू बाहेर रांग सरळ करत होतास, पोरींना सावलीत घेत होतास, माठातलं पाणी देत होतास. मला त्या गृहस्थांचा राग आला, तुझ्या 'थांबा'चा त्याहून जास्त आला. पाच मिनिटं पडदा बंद आहे म्हणून सांगितलं, प्रोग्राम उघडला आणि ओळ पुसली. यादीतला पहिला नंबर टाकून बघितला. नाव झटकन आलं, खाली गुणांची जागा रिकामी, थोड्या वेळानं गुण आले. छान! मी माझ्यावर खूश झाले. एकच नंबर टाकून बघितला, मिलिंद. पहिल्या नंबराच्या आधी कोणी नसतंच ना! दुसरा टाकला असता तर दिसलं असतं की नवं नाव आलं तरी खाली आधीच्याचेच गुण राहतात, नवे येईपर्यंत. क्लासमध्ये पोरांना मी काय शिकवते? कमीत कमी तीन वेगवेगळे आकडे टाकून बघा. आणि मी एक टाकला.

रांग भराभर सरकायला लागली. तू बाहेरून ओरडलास, "आज मशीन लई पळतंय गं!" मी हसले. तेव्हाच सांगायचं होतं, हसत हसत सांगितलं असतं तरी चाललं असतं. तू चिडला असतास, आत आला असतास, दुसरा नंबर टाकून बघितला असतास. तुझ्या मरणाच्या आणि माझ्या मधे तेवढं एक हसणं आहे, आणि ते मला विसरता येत नाही.

पुढची पाच-सात पोरं पास होती, त्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नाही. जो तो शेवटचा आकडा येईपर्यंत उभा राहायचा. मग एक जण नापास निघाला. तो बिचारा मान खाली घालून बाजूला झाला आणि मनीषा पुढं आली. दोन वेण्या, हातात नंबराची चिठ्ठी घामानं ओली झालेली. मी नंबर टाकला. वर तिचं पूर्ण नाव आलं, बापाच्या नावासकट. आणि खाली त्याचे गुण आणि लाल अक्षरात अनुत्तीर्ण. तिनं एकदाच बघितलं. माझ्या तोंडून "थांब" निघेपर्यंत ती माणसांना रेटत बाहेर पडली होती. आणि मग पडदा बदलला. फर्स्ट क्लास! मी तो फर्स्ट क्लास बघत बसले.

तिच्या मैत्रिणीनं सांगितलं की आज दुपारी तिला बघायला पाहुणे येणार आहेत. पास झाली तर पुढं शिकवू, नापास झाली तर ह्याच बैठकीत उरकून टाकू, असं तिच्या वडिलांचं ठरलेलं. वर ती पोरगी म्हणाली, "मनी सकाळीच म्हनत हुती, नापास झाले तर मी घरी जायाची न्हाई." तू हे ऐकलंस. पडद्याकडे बघितलंस. माझ्याकडे बघितलंस. "आलोच," म्हणून मागच्या खोलीत गेलास. मला वाटलं पाणी प्यायला गेलास, नाहीतर राग गिळायला. बाहेर गलका. कुणी म्हणत होतं ह्यांचं मशीनच खोटं, आमचेही निकाल खोटे असतील. चार-पाच मिनिटांनी तू बाहेर आलास, हातात एक कागद, त्यावर मनीषाचे खरे गुण. सगळ्यांपुढं म्हणालास, "चूक माझी हाय. प्रोग्राम माझा, चूक माझी. ह्यांना कुनी बोलायचं न्हाई." आणि मला म्हणालास, "रांग चालू ठेव. आता बरोबर येईल. ती एस.टी. धरून भलतीकडं जायच्या आत मला तिला गाठलं पाहिजे." मोपेड सुरू करताना तू दोन लाथा मारल्यास, तिसरीला सुरू झाली.

मी तोंड उघडलं नाही. दहा पावलांवर होतास. 'मिलिंद, ओळ मी काढली,' चार शब्द. पण सगळी रांग माझ्याकडे बघत होती आणि तू ते स्वतःच्या अंगावर घेऊन मोकळा झाला होतास. मला वाटलं, येशील ना तासाभरात. आल्यावर दार लावून सांगू, हवं तर दोन शिव्या खाऊ. रांग काही मी चालू ठेवली नाही. त्या पडद्यासमोर परत बसायची छातीच झाली नाही. शटर ओढलं, लोकांना शाळेत जा म्हणून सांगितलं आणि आत अंधारात बसून राहिले. तुझं ऐकलं असतं तर! पण ते पुढं सांगते.

दुपारी शटरवर कुणीतरी थापा मारल्या. फाट्याजवळ खडीच्या ट्रकनं. जागेवरच. परत येत होतास. तोंड गावाकडे होतं, असं सांगणाऱ्यानं सांगितलं, जणू त्यानं मला काही बरं वाटणार होतं.

तू जाताना काय केलंस ते मला मनीषाकडून कळलं. सातव्या दिवशी ती आणि तिचे वडील तुझ्या घरी आले होते. मी तिथंच होते, आईंच्या शेजारी. पोरगी रडत रडत सांगत होती आणि मधेच हसतही होती, कारण तू केलंसच तसं. तिच्या एस.टी.ला ओव्हरटेक करून मोपेड आडवी घातलीस. ड्रायव्हरनं शिव्या घातल्या. तू धापा टाकत आत चढलास आणि विचारलंस, "मनीषा कोण?" ती घाबरून सीटखाली सरकली. मग तू अख्ख्या गाडीसमोर तिचे गुण वाचून दाखवलेस, विषयवार, मराठीपासून भूगोलापर्यंत. एका बाईनं पिशवीतले शेंगदाणे काढून तिच्या हातावर ठेवले. तिनं विचारलं, मग मघाशी दिसलं ते काय होतं? "त्ये दुसऱ्याचं हुतं. माझ्या चुकीनं तुझ्या नावाखाली राहिलं. चुकलं माझं," असं म्हणून तू खाली उतरलास. कंडक्टरनं पाणी दिलं तर नको म्हणालास, तिकडं रांग आहे म्हणालास. कुठली रांग, मिलिंद? मी शटर ओढून बसले होते.

तिचे वडील म्हणाले, पाहुण्यांना तसंच चहा पाजून परत पाठवलं, पोरीला अकरावीला घालतोय. चांगलं झालं. खरंच चांगलं झालं, मला तुझा अभिमान वाटला. आणि तेवढ्यात आई उठल्या. डोक्यावरचा पदर सावरला आणि त्या माणसाच्या पायाशी वाकल्या. "माज्या लेकराच्या हातनं चूक झाली दादा. तुमच्या पोरीला लई तरास झाला. त्याला माफ करा. आता त्यो न्हाई, मी मागते." तो माणूस बिचारा मागं सरकला, आवो आई, आवो आई, करत राहिला. माझ्या हातात चहाची बशी होती. मी ती खाली ठेवली नाही. मी काहीच केलं नाही. सत्तर वर्षांच्या बाईनं माझ्या चुकीसाठी परक्या माणसाचे पाय धरले आणि मी चहा प्यायले. थू माझ्यावर!

आता गावात सगळे हेच बोलतात. पोरगा चांगला होता, पण चूक केली आणि ती निस्तरायला गेला. चांगुलपणानं बोलतात, वाईटपणा नाही त्यात. पण तुझ्या नावापुढं ती चूक चिकटली. आपल्या वस्तीतला पहिला कॉम्प्युटरवाला म्हणून आई ज्याचं नाव घ्यायच्या, त्याचं नाव आता तसं निघतं.

परवा, दहाव्या दिवशी, मी गाळा उघडला. ठरवूनच गेले होते. तू नाहीस तर निदान तुझी ओळ तरी जागेवर ठेवू, एवढंच माझ्या हातात होतं. मागच्या खोलीतलं मशीन लावलं. प्रोग्राम उघडला. खाली खाली जात त्या जागी आले.

ओळ तिथं होती.

मला वाटलं मी भलतीच फाइल उघडली. बंद करून परत उघडली. तीच. डबल बेल, जिथल्या तिथं. फाइलची वेळ बघितली. निकालाचाच दिवस, मनीषा पळाल्यानंतरची. तू पाणी प्यायला गेला नव्हतास. चार मिनिटांत तू आत गेलास, ओळ गेलेली बघितलीस, परत घातलीस, पोरीचे गुण कागदावर उतरवून घेतलेस आणि बाहेर येऊन म्हणालास, चूक माझी. आता बरोबर येईल, ह्याचा अर्थ तो होता. मी रांग चालू ठेवली असती तर पुढच्याच नंबराला पडद्यावर 'थांबा' आलं असतं आणि मला तेव्हाच कळलं असतं की तुला कळलंय. मी तुझ्या मागं धावत फाट्यापर्यंत आले असते. आले असते ना? मला माझा भरवसा राहिलेला नाही.

त्या ओळीला हात लावणारं तुझ्याशिवाय एकच माणूस जगात होतं. म्हणजे तुला माहीत होतं. सगळं माहीत असून तू ते बोललास.

अरे, का? चार शब्द तर बोलायचे! 'वैशाली, अक्कल गहाण ठेवलीस का' एवढं म्हणून गेला असतास तरी मी आयुष्यभर ते तुझं शेवटचं बोलणं म्हणून जपलं असतं. इतकी वर्षं ह्या एका ओळीवरून भांडलास, आणि जेव्हा खरंच भांडायचा दिवस आला तेव्हा माझ्याकडे एकदा बघितलंस आणि गाडीला लाथ मारलीस. हा काय न्याय झाला? माझ्यावर कुणी दया करावी असं मी कधी मागितलं होतं तुझ्याकडे? आणि मला सगळ्यांदेखत वाचवलंस म्हणून मी तुझे पाय धरू की इतका मूर्खपणा केलास म्हणून तुला बडवू, ते मला कळत नाही. दोन्ही करता येत नाही, हेच तर आहे.

आणखी एक सांगते, लाज सोडून सांगते. ओळ दिसल्यावर सगळ्यात आधी मला हायसं वाटलं. रडू नंतर आलं. आधी वाटलं, सुटले! आता कुठलाच पुरावा नाही. प्रोग्राम अगदी बरोबर आहे, तू होतास तसा. तो वाचता येणारं दुसरं माणूस ह्या गावात नाही. मी मेले तरी कुणाला कळणार नाही. तू माझ्यासाठी तेही पुसून ठेवलं होतंस. मी मशीन बंद केलं, घरी गेले आणि दहा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले. असली आहे मी. ओळखलं होतंस का मला इतकं?

जेवण अंगी लागलं नाही. आज सकाळी उठून तुझ्या घरी गेले. आई ओट्यावर उद्याची डाळ निवडत होत्या. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. ओळ म्हणजे काय ते त्यांना कसं सांगावं कळेना, म्हणून म्हणाले, मिलिंदनं बरोबर केलेलं होतं, मी घाईपायी त्यात हात घातला आणि मोडून ठेवलं. त्याला ते कळलं होतं. तरी त्यानं स्वतःच्या अंगावर घेतलं.

त्यांनी डाळीतले दोन खडे वेचून बाजूला टाकले.

"त्याला ठावं हुतं?"

"हो."

"तरी तुजं नाव घेतलं न्हाई त्यानं."

"नाही घेतलं."

"मी त्या पोरीच्या बापाच्या पाया पडले."

"हो, आई."

"अन् तू तितं बसली हुतीस."

"हो."

त्यांनी ताट खाली ठेवलं. मला वाटलं आता एक मुस्काटात बसेल. बसावी असंच वाटत होतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, तुझ्यासारख्याच, मान जरा कलती करून.

"मला एकटीला सांगून काय उपेग, पोरी? माज्यासाठी त्यो चुकीचा कवाच नव्हता. गावाम्होरं चुकीचा ठरलाय, तर गावाम्होरंच सांग. उद्या माईक लावलाय."

मी हो म्हणाले. उठले. पायरी उतरत होते तेवढ्यात त्यांनी मागून हाक मारली.

"अन् सांगताना रडू नगंस. रडलीस की लोकं तुजीच कीव करत्यात."

तर मिलिंद, हे असं आहे. तू मला झाकलंस आणि तुझी आई मला उघडं पडायला सांगतेय, आणि तिचंच बरोबर आहे, तुझं नाही. हे भांडण मी जिंकले म्हणून समज. उद्या रांगेतली ती सगळी माणसं मांडवात असतील. मनीषा आणि तिचे वडील येणार आहेत. माझे वडील, अण्णा, तिसावर वर्षं ह्याच गावात मास्तर होते, तेही पुढं बसतील. क्लास चालेल की नाही, माहीत नाही. रडायचं मात्र नाही, ते कबूल केलंय. पहिलं वाक्य पाठ करून ठेवलंय: त्या दिवशीची चूक मिलिंदची नव्हती, माझी होती, आणि त्याला ते माहीत होतं. त्याच्यापुढं काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.